नांगर न लागलेलं धान

चपला काढा. हातात धरू नका, धुऱ्यावर ठेवून द्या. त्या कुणी नेणार नाही. पायात काही घालून बांधीत उतरणारं माणूसच या शिवारात नाही. आता कपडे गुडघ्याच्या वर खोचा आणि उतरा.

पहिल्या पावलाला वरचं पाणी कोमट लागेल. त्याखालचा चिखल पोटरीपर्यंत येतो, आणि तो मात्र गार असतो. पाय आत गेला की कडेने बुडबुडे उठतात. कुजलेलं तणस, शेण आणि साचलेल्या पाण्यातली शेवाळ यांचा मिळून एक जड वास नाकात बसतो. दुसरा पाय उचलायला जाल तर पहिला आणखी खोल जाईल. पोटरीला काही मऊ, थंड चिकटल्यासारखं वाटलं तर ती जळू आहे. ओढू नका. शेजारची बाई कमरेच्या चंचीतून बोटभर चुना काढून तिच्यावर टेकवेल आणि जळू गळून पडेल. हे करताना ती तुमच्याकडे बघणारही नाही, तोंडातली गोष्ट तर मुळीच थांबवणार नाही.

तुम्ही हट्ट्यात आहात. गोंदिया आणि बालाघाट यांच्या मधल्या छोट्या गाडीने हट्टा रोडला उतरलात. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती गाडी, तिच्या धुराचे काळे कण अजून तुमच्या भुवयांत आहेत. शंभर वर्षं मागे आलोय असं समजा, पाच-दहा इकडे-तिकडे. तारीख विचारू नका. ती इथे कुणाला सांगता येणार नाही, पण पोळा किती दिवसांवर आलाय हे पाळण्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक असेल. श्रावण चाललाय. आभाळ इतकं खाली आलंय की काठी वर केली तर टोचेल.

पावसासाठी तुमच्या डोक्यावर मोरा आहे: बांबूच्या कामट्यांमध्ये पळसाची पानं बसवून केलेलं टोप, पाठीवर कमरेपर्यंत उतरणारं. पाऊस त्यावर पडतो तेव्हा आत असा खडखडाट होतो की शेजारची काय म्हणाली ते दुसऱ्यांदा विचारावं लागतं. विचारलंत तरी निम्मं कळेल. कुणी पोवारीत बोलतंय, कुणी झाडीच्या मराठीत, पलीकडच्या रांगेत दोघी गोंडीत हसताहेत. मधेच एखादी गाणं उचलते, रांग ते झेलते, आणि ओणवी झालेली पंधरा-वीस माणसं एका तालात एक पाऊल पुढे सरकतात. तुमचा ताल चुकतो. ढुंगणाला मागच्याचं डोकं लागतं. सगळे हसतात.

काम सोपं सांगितलंय: धान राहू द्यायचं, करगा उपटायचा.

तर उपटा. समोर हिरवी पाती आहेत. सगळी धानाची दिसतात. मूठभर पकडून बघा, कडा सारख्याच चरचरीत, वास सारखाच हिरवा. तुम्ही अंदाजाने एक रोप उपटता, मुळाचा चिखल पाण्यात खळखळून धुता (हे मात्र तुम्ही बघून शिकलात) आणि ऐटीत धुऱ्याकडे फेकता. मागून आवाज येतो.

“पावने, तुमी तं धानच उपटून रायले ना!”

ती आजी. वय विचारायचं नाही. कपाळावर गोंदण, पाठ कायमची वाकलेली, त्यामुळे निंदणाला तिला वेगळं वाकावं लागत नाही. ती तुमच्या नाकासमोर एक रोप धरते. “हा पाय. हा करगा होय.” मग दुसरं धरते. “अन् हे धान.” तुम्ही दोन्हींकडे आळीपाळीने बघता. ती काही पानाच्या रंगातली किंचित फिकट झाक, बुंध्याशी फाकलेली ठेवण, जरा जास्तच जोमाने वर गेलेली उंची असं सांगते. तुम्ही मान हलवता. तिलाही कळतं की तुम्हाला काही कळलेलं नाही.

वाईट वाटून घेऊ नका. करगा ओळखता येत नाही, म्हणूनच तर तो टिकलाय. लग्नाच्या पंगतीत वरपक्षाला वाटतं हा वधूकडचा, वधूपक्षाला वाटतं वराकडचा, आणि गडी बुंदी संपवून उठतो, तसं त्याचं आहे. पाहुणा ओळखता येतो तो अगदी शेवटी, लोंबी आल्यावर. तेव्हा त्याच्या दाण्यांवर लांब, तांबूस कुसं दिसतात. पण तोवर उशीर झालेला असतो. धान पिकायच्या आधीच करगा पिकतो, आणि पिकला की लोंबीला धरून राहत नाही. वारा आला, बगळा बसला, तुमची मांडी लागली की दाणे टपटप चिखलात. विळा शेतात येईपर्यंत त्याचं सगळं आवरून झालेलं असतं. चिखलात पडलेला तो दाणा लगेच उगवतही नाही. वर्षभर, कधी त्याहून जास्त, झोपून राहतो. यंदा सगळा करगा उपटलात असं धरून चाला, तरी गेल्या सालचा आणि त्याआधीचा खालून वर येणारच आहे.

परहा लावलेल्या बांधीत हा त्रास कमी. तिथे रोपं रांगेत हाताने रोवलेली असतात. रांगेबाहेरचं जे दिसेल ते चोर. पण परहा लावायला एकाच आठवड्यात भरपूर पाणी लागतं आणि भरपूर माणसंही. दोन्ही ज्याच्याकडे नाही तो मोड आलेलं बी चिखलात फेकून आवत्या करतो. आवत्याच्या बांधीत रांग कसली नि काय कसलं. तुम्ही उभे आहात ती आवत्याचीच बांधी आहे. चला, वाका.

दुपारी धुऱ्यावर भाकर नाही, पेज मिळते. मडक्यातली, सकाळची, किंचित आंबट. तिच्याबरोबर तरोट्याची भाजी आणि एक हिरवी मिरची. नशीब असेल तर कालच्या पुरात बांधीच्या तोंडाशी लावलेल्या सापळ्यातले बोटभर मासे, जाळावर करपवलेले. ओल्या सरपणाचा धूर डोळ्यांत जातो. हात धुतलेत तरी बोटांना चिखलाचा वास आहेच, तो पेजेबरोबर पोटात जातो. भूक अशी लागलीय की मिरचीचा देठही तुम्ही खाल्लाय.

दोन दिवसांनी गावातल्या बायका बांधीत येत नाहीत. येणारच नाहीत: आज हलषष्ठी आहे, कुणी तिला कमरछठ म्हणतं. बलरामाचा दिवस. त्याच्या खांद्यावर नांगर, म्हणून आज नांगराचं काही खायचं नाही आणि नांगरलेल्या जमिनीवर पाऊलही टाकायचं नाही. कालपर्यंत गुडघाभर चिखलात असलेली आजी आज उंबरठ्यावरून शेताकडे बघतेय, आणि तुम्हाला वाटतं तिला आतून सुट्टीचा आनंद झालाय. लेकरांच्या आयुष्यासाठी हा उपास. गाईचं दूधही वर्ज्य, कारण गाईचा गोऱ्हा नांगराला जुंपतात. चालतं ते म्हशीचं दूध, म्हशीचं दही.

अंगणात छोटा खड्डा खणून त्यात पाणी भरलंय, काठाला पळसाची डहाळी आणि काशाचं गवत रोवलंय. तेवढ्यापुरता तो तलाव. राजनांदगावकडून आलेली या घरची सून त्याच पाण्यात फडकं बुडवते आणि पोरांच्या पाठीवर एक-एक ओला रट्टा घालते. तिच्या माहेरची ती रीत. तुम्ही रांगेत चुकून उभे राहिलात, तर तुम्हालाही मिळेल. पाठ गार पडते. आयुष्य वाढलं म्हणायचं.

आता नाक उघडं ठेवा. चुलीवर काहीतरी शिजतंय त्याचा वास नेहमीच्या भातासारखा नाही. जरा रानटी, ओल्या गवताच्या जवळ जाणारा. मोहाच्या पानांच्या पत्रावळीवर वाढतात तेव्हा दिसतं: दाणा लाल आहे, जाडसर, चमच्याला चिकटणारा. वर म्हशीचं दही. हा पसहर. नांगर न लावता, न पेरता, बोडीच्या, म्हणजे गावाच्या लहानशा तलावाच्या काठाला आपोआप येणारं धान. पलीकडे महाराष्ट्रात याला देवभात म्हणतात. एक घास घ्या. दात थोडे जास्त चालवावे लागतील.

आणि मग आजीला विचारायचा मोह होतो तो प्रश्न विचारा. परवा मी उपटत होतो, त्या करग्याचा दाणाही लालच असतो ना? कुसं त्यालाही असतात. तोही गळतो, तोही न पेरता येतो. मग तो चोर आणि हा देव, हे कसं?

आजी तुमच्याकडे बघते. मूर्ख प्रश्नाकडे दयाळू माणसं जशी बघतात तशी. “तो बांधीतला. हा बोडीतला.” विषय संपला. पत्रावळ उचला.

तिचा विषय संपला असला तरी वनस्पतिशास्त्राचा तिथूनच सुरू होतो. बोडीत उगवणारं ते रानधान म्हणजे ओरायझा निवारा, 1965 साली दिल्लीच्या शर्मा आणि शास्त्री या दोघा शास्त्रज्ञांनी वेगळी जात म्हणून नोंदवलेलं. कालिदासाच्या नाटकातल्या आश्रमात झाडांच्या ढोलीखाली पोपटांच्या चोचीतून सांडलेले दाणे दिसतात, ते नीवाराचेच. पेरलेलं धान आणि हे रानधान शेजारी-शेजारी फुलली की वाऱ्याने थोडाफार पराग इकडचा तिकडे जातो. त्या नजरचुकीतून जी मिश्र संतती बांधीत घुसते ती करगा. म्हणजे आजीचा चोर हा तिच्या देवाचा आणि तिच्या ढोलीतल्या धानाचा नातू आहे. हे तिला सांगू नका. उपासाच्या दिवशी तर नकोच.

तुम्ही खाल्लेला पसहर गेल्या सालचा होता. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही: सण श्रावणात येतो, आणि बोडीतलं धान पिकतं भादवा संपता-संपता, आश्विनात. यंदा जे गोळा होईल ते पुढल्या हलषष्ठीला लागणार. म्हणून थांबा जरा इथे, महिना-सव्वा महिना. हिवतापाने तुम्हाला दोनदा झोपवलं, घोंगडीखाली दात वाजले, कुठल्याशा सालीचा कडू काढा पाजला गेला. ते सगळं मी गाळतो. उठा, पहाट झालीय. टोपली घ्या.

ही बोडी. पाऊस ओसरल्यावर पाणी मागे सरकतंय आणि मागे राहिलेल्या दलदलीत कमरेएवढं गवत उभं आहे. धुकं आहे. पाणी आता गार आहे, चांगलंच. आजी आणि तिच्या दोन नाती आधीच आत गेल्यात. जवळ गेल्यावर दिसतं की गवताच्या लोंब्या जागोजागी एकत्र बांधलेल्या आहेत, दहा-बारा ताटांची मिळून एकेक जुडी, त्याच गवताच्या पात्याने. दाणे पूर्ण पिकायच्या आधी येऊन त्यांनी ही गाठ मारून ठेवली, नाहीतर आज हाती निव्वळ काड्या आल्या असत्या. पिकलेला दाणा थांबत नाही. गाठीत अडकलेला थांबतो, तोही थोडाच वेळ. पहाटे यायचं तेही त्यासाठीच: दवाने लोंब्या ओल्या असतात, गळती कमी होते.

टोपली जुडीखाली धरा. आता हळूच झटका द्या. हळूच म्हटलं होतं. निम्मे पाण्यात गेले, बघा, मासे आले. पुन्हा. या वेळी दाण्यांचा सरसर आवाज टोपलीत होतो, आणि त्याच वेळी तुम्ही “आई गं” म्हणता, कारण बोटभर लांबीची कुसं मनगटात घुसली आहेत. ती बारीक, काटेरी आणि उलट्या दिशेने ओढली तर आणखी आत जाणारी. बाहीत शिरतात, कमरेच्या गाठीत शिरतात, एक तर मानेत गेलंय. शेजारी टिटवी ओरडतेय. सूर्य वर आला की हीच दलदल वाफ टाकायला लागेल आणि तुम्ही घामाने भिजाल, तोवर आवरायला हवं. एवढ्या धडपडीनंतर टोपलीत किती? तळ जेमतेम झाकलाय.

सारखं नाहीये, हे एकदा नीट बघा. ही जुडी उंच, शेजारची बसकी. याची कुसं लाल, त्याची पिवळसर. याचे दाणे काळपट, तिकडच्याचे अजून हिरवेच. पंधरा दिवसांनी पिकतील. पाणी लवकर आटतं त्या काठाला लवकर पिकणारी, खोल बाजूला उशिरा. बांधीतलं धान माणसाने हजारो वर्षं निवडून एका वळणाला लावलं. न गळणारं हवं, पांढरं हवं, कुसं नकोत, पेरलं की सगळं एकदम उगवायला हवं. दाणा न गळण्याचा मोठा भाग एका जनुकातल्या एका अक्षराच्या बदलावर अवलंबून आहे, हे 2006 साली निवारा आणि पाळीव धान यांच्या संकरातूनच सापडलं. ज्या कुण्या बाईने पहिल्यांदा न गळणारी लोंबी टोपलीत टाकली, तिने त्या एका अक्षरावर बोट ठेवलं होतं. पण निवड म्हणजे बाकीच्यांना नाही म्हणणं. जे नाही म्हटलं गेलं, त्यातलं बरंच काही या दलदलीत उरलंय. माझं विचाराल तर आजी ज्या खोडींवरून करग्याला शिव्या घालते, त्याच खोडींनी हे रानधान माणसाशिवाय जगायला शिकलं. झोपून राहणारा दाणा दोन दुष्काळ खालीच काढतो. मागे-पुढे पिकणाऱ्यांतलं कुणीतरी वाचतंच.

घरी आल्यावर ढेकीवर पाय द्यायला तुम्हालाच उभं करतात. धप्प, धप्प. कुसं मोडून कोंडा उडतो, शिंका येतात, नात दोन पाय देण्यांच्या मधल्या क्षणात हात घालून दाणे सारखे करते आणि तुमचा जीव वर-खाली होतो. तिची बोटं वर्षानुवर्षं शाबूत आहेत. तुम्ही ताल बदलू नका म्हणजे झालं.

आता चार-सहा पावसाळे पुढे सरकू. बांधीत या, एक गंमत दाखवतो.

सगळी बांधी जांभळी. पानं, बुंधे, सगळं वांग्याच्या कातडीच्या रंगाचं. मध्य प्रांताच्या शेतकी खात्याने डोकं लढवलं होतं: करगा हिरवा असतो, तर मग धानच जांभळं पेरा! जांभळ्या पानांची वाणं होतीच, त्यांचा संकर घडवून बी वाटलं. आता निंदणाला नजर लागत नाही. हिरवं दिसलं की उपटा. तुम्हीसुद्धा उपटताय, झपाझप, एकही चूक नाही. आजीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच तुमच्याबद्दल बरं मत दिसतंय. संध्याकाळी धुऱ्यावर हिरव्या करग्याचा ढीग, अंगाला दुपारच्या उन्हाचा ओला चटका, आणि जिंकल्याची भावना.

अजून काही पावसाळे पुढे चला. बांधी जांभळीच आहे. उपटायला हिरवं फारसं नाही. आश्विन येतो आणि जांभळ्या पानांतून तांबूस कुसांच्या लोंब्या वर येतात. दाणे टपटप.

करगा जांभळा झालाय.

घडलं ते साधं होतं. जांभळ्या धानाचा पराग एखाद्या करग्यावर पडला, त्याची काही पोरं जांभळी निघाली. तुम्ही हिरवी-हिरवी वेचून उपटलीत, म्हणजे जांभळ्यांसाठी जागा केलीत. त्यांचे दाणे गळले, झोपले, उठले. करग्याला लपायला तुम्हीच शिकवलंत. या रानधानाच्या प्रश्नावर आणि त्यावरच्या उपायावर बी. बी. दवे यांनी 1943 साली शेतकी शास्त्राच्या नियतकालिकात लिहिलं, आणि पुढे जगभरच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत मध्य प्रांतातली ही जांभळी फजिती तणाच्या नकलेचं उदाहरण म्हणून गेली. आजीने ते काही वाचलेलं नाही. ती धुऱ्यावर बसून जांभळी लोंबी दोन बोटांत फिरवते आणि हसते. तिला राग आलेला नाही. शत्रूबद्दल थोडा आदर असतो तसं काहीतरी आहे ते.

बाजाराच्या दिवशी हट्ट्यात पाय ठेवायला जागा नसते. उन्हाने तापलेल्या बैलगाड्या, गुळावर माश्या, तंबाखू, सुकवलेले झिंगे, मोहाच्या दारूचा गोडसर वास सोडत जाणारा एखादा. उकाडा असह्य झाला की गावातल्या जुन्या बावडीच्या दगडी पायऱ्या उतरून खाली जा. खांबांच्या मधे अशी गार हवा असते की घाम अंगावरच थिजतो. वर आलात की धानाच्या राशींकडे बघा. लुचई, गुरमट्या, चिन्नोर. हलकं, भारी, उंच जमिनीचं, खोलगटातलं. चिन्नोरच्या राशीशी नाक न्या. तो सुवास अजून टिकून आहे, आणि 2021 साली बालाघाटच्या नावाने त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मापारी पायली भरताना एकेक मोजतो तो सुरात, आणि राशी वेगळ्या ठेवतो. त्याला विचारून बघा, तो डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने वाण सांगेल. याच राशींच्या मागे शंभरेक वर्षांत काय-काय नाहीसं होणार आहे ते त्याला सांगायचा धीर तुम्हाला होत नाही.

डोळे मिटा, आता लांब उडी आहे. कान तेवढे उघडे ठेवा.

1970च्या सुमाराचं फिलिपिन्स, लॉस बान्योस. काचेखालचा उकाडा हट्ट्याच्या आश्विनाला मागे टाकेल. तुम्ही आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या रोपवाटिकेत आहात आणि समोर ओळीने कुंड्या, त्यांत खुरटलेली, केरसुणीसारखी झालेली रोपं. तपकिरी तुडतुडे तुमच्या मनगटावर उडताहेत. ते रोपं खुरटवणारा विषाणू पसरवतात. सहा हजारांहून जास्त नमुने तपासून झालेत, पाळीव धानातला एकही टिकलेला नाही. मग एका कुंडीपाशी थांबा. हिरवं, उभं. ओरायझा निवारा, गोंड्याजवळून 1963 साली गोळा केलेलं. गोंदिया नव्हे, उत्तर प्रदेशातलं गोंडा. कुणीतरी तिथल्या कुठल्याशा डबक्यात उतरून, मनगटात कुसं घुसवून घेऊन, मूठभर दाणे पाकिटात भरले होते. गुरदेव सिंग खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रोपाची प्रतिकारशक्ती पाळीव धानात आणली. 1976 साली आलेलं आयआर-36 हे वाण पुढे आशियात कोट्यवधी एकरांवर पिकलं.

तसंच 1970 साली चीनच्या हायनान बेटावर. पराग वांझ असलेलं रानधानाचं एक रोप दलदलीत दिसलं. त्यावर चीनच्या संकरित भाताचा सगळा डोलारा उभा राहिला. तिथेही चिखल, तिथेही जळवा असणार. मोठ्या शोधाला पोटरीभर घाण पाणी लागतंच असं दिसतं.

आणि रायपूरकडच्या एका धुऱ्यावर, त्याच दशकात, कागदी पाकिटं आणि पेन्सिल घेऊन फिरणारी माणसं. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी मध्य प्रदेशभरातून धानाचे 17 हजारांहून जास्त नमुने जमवले, त्यांचे गुण गावकऱ्यांकडून लिहून घेतले. तो ठेवा आज रायपूरच्या कृषी विद्यापीठात आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत शून्याखाली 18 अंशांवर बियाणं झोपवून ठेवतात. आत गेलात तर बोटं बधिर होतील. चांगली गोष्ट आहे. पण पाकिटातलं बी ज्या वर्षी पाकिटात गेलं, तिथेच थांबलं. त्यानंतर आलेला रोग, नवा तुडतुडा, बेताल झालेला पाऊस त्याने पाहिलेला नाही. बोडीतलं रानधान मात्र दर साल त्या सगळ्यांना तोंड देतंय, मरतंय, गळतंय, उगवतंय. म्हणून पाकीटही हवं आणि डबकंही. डबक्याची मुख्य अडचण अशी की ते कुणाच्याच नजरेत ठेवा नसतं. बोडी बुजली, तिच्यावर बेशरम माजला, रस्ता गेला, काठाला तणनाशक वाहून आलं, की पाकिटाची नोंद होते तशी त्याची कुठेच होत नाही.

उघडा डोळे. श्रावण, आजचा. बालाघाटच्या बाजारात हलषष्ठीच्या आदल्या दिवसाची गर्दी. मोटारसायकलचे हॉर्न, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवरून मानेवर टपकणारं पाणी, भिजलेल्या पोत्यांचा वास, सहा प्रकारच्या भाज्यांच्या जुड्या, मोहाच्या पत्रावळी. एका कोपऱ्यात गोंदण असलेली बाई छोट्या मापाने लाल तांदूळ विकतेय. भाव ऐकून तुम्ही दचकता. शेजारच्या दुकानातला चांगला बासमती याहून स्वस्त आहे.

“एवढा? याला ना नांगर, ना खत!”

“नांगर नाई लागला,” ती माप न थांबवता म्हणते, “माही कंबर लागली ना.”

तुमच्या पुढची गिऱ्हाईक, पदर खोचलेली, घाईतली, पैसे काढत नाहीये. तिने चार दाणे तळहातावर घेतलेत आणि उजेडाकडे धरून बघतेय. लाल तर करगाही असतो, आणि बांधीतला करगा उपासाला चालत नाही. तिथे नांगर लागलेला असतो. एक दाणा ती दाताखाली फोडते.

“खरं सांग मावशी. बोडीतला आहे की बांधीतला?”